भावाची गाडी

गाडी माझ्या धाकट्या भावाची. त्यानं नवी घ्यायची ठरवली तेव्हा मीच म्हटलं, जुनी मला दे. मी शिकवते त्या शाळेचं गाव घाटंजीहून लांब, एसटीची वेळ जुळायची नाही. भाऊ ढाणकीहून स्वतः चालवत घेऊन आला, चावी माझ्या हातात दिली आणि चहा न घेताच परत निघाला. त्याला परत न्यायला मागे मोटरसायकलवर कोणी आलं होतं, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

पावसाळा सरता सरता गाडीतून जळका वास यायला लागला. शाळेच्या आवारात गाडी लावली की खाली काळा डाग पडायचा. ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली तर शेवटच्या खुणेच्याही खाली. ऑइल भरायचं, चार दिवस चालवायचं, पुन्हा तेच.

पारव्याच्या रस्त्यावर एका चाचांचं गॅरेज होतं. गावातल्या निम्म्या गाड्या त्यांच्याकडेच जायच्या. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं मॅडम. बदलून टाकतो." बदललं. गळती तशीच. मग म्हणाले, "आता मागची सील दिसते." त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला, सील बदलली. आठवड्यात डाग पुन्हा हजर.

तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "इंजिनच खोलावं लागते आता."

माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे, त्याच्याकडे दिवसभर नाना प्रकारची माणसं येतात. तो म्हणाला, "बाई मानूस पाहिला की असंच करतात. गाडी यवतमाळले ने." मलाही तसंच वाटत होतं. गाडी उभी असताना चाचांनीच तर काही ढिलं करून ठेवलं नसेल? गाडीतलं काही बदललं तर कळावं म्हणून गॅरेजला देताना मी दर वेळी काही ना काही लक्षात ठेवायला लागले: बॅटरी कोणत्या रंगाची, टायरवर काय लिहिलंय, स्टेपनी आहे की नाही.

त्याच सुमारास शाळेत पोरं कॅरम खेळत होती. बोर्डावर भुरभुरलेल्या पावडरीवर कोणाचा तरी ओला हात पडला आणि पाचही बोटं स्पष्ट उमटली. मी पाहतच राहिले. सुट्टीच्या दिवशी दुकानातून पावडरचा डबा घेतला आणि गॅरेजला गेले.

"चाचा, इंजिन डिझेलनं धुवा, पूर्ण कोरडं करा. मग ही पावडर मारू आणि माझ्यासमोर सुरू करू. जिथून गळते तिथून ओघळ दिसेल."

चाचांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमाले माझ्यावर शक हाय ना?"

"आहे," मी म्हटलं.

"चांगलं हाय. मले बी तुमच्यावर हाय. दोन बार काम केलं, टिकलं नाही. म्हणलं, बाईनं गाडी कुठं तरी आपटली अन् सांगून नाही राह्यली."

धुऊन, पावडर मारून पांढरंधोप झालेलं इंजिन सुरू झालं. आम्ही दोघं टॉर्च घेऊन वाकलो. वरचं झाकण कोरडं, मागची बाजू कोरडी. बऱ्याच वेळानं खाली, ब्लॉकच्या कडेला एक बारीक काळी रेघ पावडरीतून उतरू लागली. चाचांनी तिथं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली भेगा बुजवायला भरतात ती लांबी, वाळून दगडासारखी झालेली, आणि लांबीखाली तडा.

"हे माझं काम नोहे मॅडम. पाहा, रंगावर किती जुनी माती बसली हाय."

माती जुनी होती. मला ते दिसत होतं, तरी मी म्हटलं, "माती काय, कधीचीही असू शकते." कारण चाचा खोटे नसतील तर दुसरं नाव एकच उरत होतं.

तिथंच उभी राहून मी भावाला फोन लावला. एवढंच म्हटलं, "अरे, गाडीतून ऑइल गळून राह्यलं. इंजिन खोला म्हणतात."

तो पटकन म्हणाला, "लांबी सुटली काय?"

मी लांबीचं नावही काढलं नव्हतं. त्यालाही ते कळलं असावं.

"ताई," तो म्हणाला, "नाल्यातल्या दगडावर आदळली होती. मिस्त्रीनं लांबी भरली, म्हणे टिकते. मी विकूनच टाकणार होतो, तू मांगितली. नाही म्हणलं असतं तं कारण सांगा लागलं असतं."

"मग सांगायचं होतं."

मी फोन ठेवला.

चाचांनी खालचं झाकण उतरवून दाखवलं. ऑइल कमी पडून आतले बेअरिंग खरवडून निघाले होते. वेल्डिंगनं भागणार नव्हतं, इंजिनच बदलायला हवं होतं. घरी नवरा म्हणाला, "मी म्हणलं होतं ना, त्या चाचाकडे नको." तेव्हा मात्र मला गप्प बसवेना. कोणी लपवलं ते मी सांगितलं. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

पुढच्या रविवारी भाऊ पिकअपमधून इंजिन घेऊन आला. मागून ठोकर बसलेल्या, पण पुढचा भाग शाबूत असलेल्या तशाच गाडीचं. मी त्याला ये म्हणायच्या आधी चाचांना म्हटलं, "बसवायच्या आधी तपासा. सगळीकडून."

चाचांनी दाब मोजायचा काटा चारही सिलिंडरना लावला. चारही वेळा मी वाकून पाहिलं. ब्लॉकवर बोट फिरवलं, नखानं रंग खरवडला. भाऊ बाजूला उभा होता, मान खाली. काटा चारही वेळा सारखाच चढला. मग साखळीच्या कप्पीनं जुनं इंजिन वर आलं, नवं खाली गेलं. नवीन इंजिनचा नंबर आरटीओत चढवायला भाऊ माझ्याबरोबर यवतमाळलाही आला. येताना म्हणाला, "भाऊजी घरी असतील. मी इथूनच बस पकडतो."

"जेवून जा," मी म्हटलं.

तो आला. नवऱ्यानं त्याला वाढलं, आणि दोघं कापसाच्या भावावर बोलत बसले. गाडीचा विषय कोणीच काढला नाही.

गाडी छान चालते आहे. पण भावाच्या शेतातली हळद आली की मी चिमूटभर पाण्याच्या पेल्यात टाकून पाहते, भेसळ आहे का ते. माझं मलाच बरं वाटत नाही, तरी पाहते. यंदा तो अचानक स्वयंपाकघरात आला आणि त्यानं ते पाहिलं. मला वाटलं, आता रागानं निघून जाईल. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि माझ्याबरोबर पेल्यात वाकून पाहू लागला.