झुलालचा सव्वा मूठ गहू

आमच्या भाऊबंदकीइतकी भित्री आणि तोऱ्याची माणसं साऱ्या सोनगिरात नव्हती. चौपन्न साल. माझा चुलतभाऊ झुलाल क्षयाने धुळ्याच्या दवाखान्यात आठ महिने काढून घरी आला. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, भिकुबाईला, बजावलं होतं की अजून वर्षभर सुया चुकवायच्या नाहीत, ताट-तांब्या वेगळा, तोंडावर फडकं आणि माणसं लांब.

श्रावणात आमच्या खानदेशी देवीचा, कानबाईचा, सण आला. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी आमच्यात प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकतात आणि तो रोट फक्त भाऊबंदकीच खाते. थोरले शालिग्राम आबा नावं घेत होते. झुलालचं नाव आलंच नाही.

भिकुबाई पुढे झाली. "माणूस जित्ता शे ना? मंग त्याना गहू टाका."

पंगतीला बसणार नाही त्याचा गहू कशाला, देवीला चालत नाही, असं आबा म्हणाले. देवी यांच्या कानात कधी बोलली कोण जाणे! एक चिलीम पाच तोंडांत फिरवणारी ही शहाणी माणसं, आणि यांना गव्हातून क्षय होणार! मीही तिथेच सुपाकडे बघत बसलो होतो. लाज वाटत होती, पण तोंड उघडलं नाही.

झुलालने सुई घ्यायची सोडली. भाऊबंदांनी मेलाच धरलाय तर जगायचं कोणासाठी, म्हणाला.

भिकुबाई रडत बसली नाही. पुढच्या रविवारी तिने स्वतःच्या अंगणात कानबाई मांडली. झुलालचा गहू पहिला टाकला, मग जो येईल त्याचा, बायांचासुद्धा. दहा-दहा हातांवर राखेच्या रेघा ओढल्या आणि सांगितलं, आपापलं ताट आणा, रेघेवर बसा, पुढे सरकायचं नाही. विधवा बेबाबाई आली, एकटा राहणारा लोटन शिंपी आला, आणखी चार-पाच जण आले. लांबून बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं, त्यामुळे त्यांच्या गप्पा साऱ्या गल्लीला ऐकू जायच्या. परक्यांना रोट दिला म्हणून आबा ओट्यावर बसून नाकं मुरडत होते. इकडे झुलाल हसून हसून खोकला, फडक्यात तोंड धरून. दुसऱ्या दिवशी त्याने सुई घेतली. मग दर रविवारी ती मंडळी तशीच जमू लागली.

वर्षाने त्याची थुंकी साफ निघाली. झालं, आबांना लगेच रक्ताचं नातं आठवलं! कानबाईच्या आधी मला बरोबर घेऊन ते झुलालकडे गेले. म्हणाले, यंदा तुझं नाव पहिलं घेऊ. झुलालने आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि शांतपणे विचारलं,

"आबा, बरा व्हयनू म्हनीसन बलावतस. परत खोकला उना ते काय करशात?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. झुलालनेही पाहिलं. तो खरंच उत्तराची वाट बघत होता, आणि खोकला परत आला तरी तुझा गहू टाकू, एवढं म्हटलं असतं तर तो आमच्याबरोबर आला असता. आबा उठले. आणि मी हलकट, त्यांच्या मागोमाग निघालो.