संघदीपच्या कॉम्प्युटरला हार

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा संघदीप खिल्लारे संशोधन करतो, पण त्याच्या हातावर ॲसिडचा डाग कुणी पाहिला नाही. यावर स्टाफरूममध्ये चार वर्षं चर्चा चालू होती. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टींवर बोलायचा मला पगारच मिळतो. बाकीचे फुकट बोलत होते.

त्याचं काम असं. दोन रेणू तांब्याच्या मदतीनं एकमेकांना धरतात आणि त्यांचं कडं तयार होतं. प्रश्न इतकाच, की आधी कोणता हात धरला जातो? "फुगडीत दोघी एकदमच हात देतात असं नाई," तो मला म्हणाला. "आन् तांबं म्हंजे त्यायले जवळ ढकलणारी मावशी." हे इतकं झटकन होतं की डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो ते कॉम्प्युटरकडून गणितानं काढून घेई. शेवटचं गणित बावीस दिवसांचं होतं. मध्ये थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्याच्यावर पीएचडी अडली होती आणि पीएचडीवर कायमची नोकरी.

कॉम्प्युटरचा पडदा मात्र काळा असायचा. त्याची आई भागिरथाबाई एकदा केनवडहून आली, तेव्हा तीही म्हणाली, "हे तं बंद हाय." त्यानं तिचा हात कॉम्प्युटरच्या पेटीवर ठेवला. "गरम हाय ना? म्हंजे काम करून राह्यला." तव्याचा अंदाज तळहातानं घेणाऱ्या बाईला आणखी काही सांगावं लागलं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याला त्या गणिताचा एकोणिसावा दिवस होता. संघदीप आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला, दरवर्षीच जातात. इकडे प्राचार्य दौलतराव सरांनी यंत्रपूजा काढली. दसऱ्याला अवजारं थांबवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं. त्यांच्या घरी वखरापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हा मान. प्रयोगशाळेत त्यांनी काळा पडदा पाहिला. "बटन चालूच ठेवून गेला पोट्टा!"

"हात लावू नका म्हणले होते खिल्लारे सर," शिपाई फुलसिंग पुटपुटला.

"अरे, आज यंत्राले सुट्टी!" सरांनी स्वतः बटन दाबलं, पेटी पुसली, झेंडूचा हार घातला आणि फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकला. आम्ही सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. मीही पाठवलं.

संघदीपनं तो फोटो नागपूरच्या गर्दीत पाहिला. परत आल्यावर तो भांडला नाही, याचंच मला जास्त लागलं. प्रबंध द्यायला पंधराच दिवस उरले होते. मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "अंदाजानं टाक आकडा. कोण पाह्यते?" त्यानं ती जागा कोरी ठेवली. प्रबंध परत आला, सोबत परीक्षकांनी आणखी चार गणितं धाडली. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये हळहळून सांगितलं, "मी तं त्याच्या कॉम्प्युटरची पूजासुद्धा केली होती."

त्या चारांतलं शेवटचं गणित यंदाच्या दसऱ्यात अडकलं. आईला एकटीला नागपूरला पाठवून संघदीप पेटीशेजारी बसला. जन्मात पहिल्यांदा त्याची दीक्षाभूमी चुकली. मी लाजेखातर सोबत बसलो. सर ताट घेऊन आले, तसा तो बटनापुढे उभा राहिला.

"हार घाला सर, पण बटनाले हात नाई."

"एक दिवस आराम तरी दे त्याले!"

"मागच्या आरामातच माहं वर्ष गेलं, सर."

सरांनी फुगलेल्या तोंडानं हार घातला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी भागिरथाबाई बसमधून उतरून पिशवीसकट थेट प्रयोगशाळेत आली. हार दिसला, काळा पडदा दिसला, आणि तिचा चेहरा पडला. कुणाला काही न विचारता तिनं पेटीवर तळहात ठेवला.

"गरम हाय," ती म्हणाली, आणि मग कुठे तिनं पिशवी खाली ठेवली.

आमच्या स्टाफरूममध्ये अकरा एमए-एमएस्सी आहेत. हात लावून पाहायचं एकालाही सुचलं नव्हतं.