देवळासमोरचं स्टेज
पेडलच्या नव्या खोक्यातून येणारा रबराचा वास मला आटपाडीकडच्या त्या जत्रेत नेऊन उभा करतो. आमच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणाऱ्या दोस्तानं गिटारचा आवाज घुमवणारं, पायानं दाबायचं नवंकोरं पेडल आणलं होतं. दुपारचं ऊन रणरणत होतं, मागं जनरेटर धडधडत होता आणि धुरळा बसावा म्हणून टँकरनं मैदानाबरोबर स्टेजही भिजवलं होतं. स्टेज देवळासमोरच, म्हणून सगळ्यांनी चपला खाली काढल्या. "ऐक गड्या, आता बास कसा घुमतोय," म्हणत त्यानं तारा धरल्या आणि बोलायला माइककडं वाकला. ओठ टेकताच तो ताठ झाला आणि कोसळला. माइकमध्ये करंट उतरला होता. कुणीतरी जनरेटर बंद केला, पण तो उठला नाही. बॅटरीवरच्या पेडलचा लाल दिवा तेवढा जळत राहिला. आता त्याचीच गिटार मी वाजवतो. सांगलीचा दुकानदार नवनवी पेडलं पुढं मांडतो, तेव्हा मी आधी गिटारचा वायरलेस सेट मागतो. अंगाला वायरच नको. स्टेजवर रबरी चपला घालूनच चढतो. "आवं, देवाच्या दारात चपला व्हय?" कुणीतरी विचारतंच. मी देवाला हात जोडतो, चपला काढत नाही.