बावीस दातांचा चढ

नांदुऱ्याहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत दोन लुगडी होती, कळण्याच्या भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या) होत्या, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली तीन फ्रीव्हील होती. फ्रीव्हील म्हणजे सायकलच्या मागच्या चाकावरचं दातेरी चक्र. मोटारीत पिशवी शेजारच्या बाईच्या पायावर टेकली, तशी ती म्हणाली, "काय वं माय, लोखंड घेऊन सोयरीकीले चालली का?"

मी म्हटलं, भाचीला आणायला चालले. ते अर्धंच खरं होतं.

नवं राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचे हे वारल्यापासून स्टेशनाजवळचं सायकलदुरुस्तीचं दुकान मीच चालवत होते. लोक आधी हसले, मग पंक्चर घेऊन आले. अक्षरं मी सुट्या भागांच्या डब्यांवरून शिकले, तेव्हा लिहिण्यात काही वाकडं दिसलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी कमल जानेफळच्या दवाखान्यात नर्स होती. बहीण लवकर गेली, म्हणून कमल निम्मी माझ्याच अंगणात वाढली. आमच्या घराण्यात नोकरीला लागलेली ती पहिलीच बाई. आसपासच्या वस्त्यांवर तिला बाळंतपणाला जावं लागे, म्हणून ती रुजू झाली तेव्हा मी माझ्या हातानं तिला सायकल बांधून दिली. मागे सोळा दातांचं फ्रीव्हील चढवलं. आम्ही घाटाखालची माणसं. आमच्याकडे सगळी काळी, सपाट जमीन. तिथं सोळा दातांची सायकल म्हणजे वारा. पायडलचा एक फेर मारला की चाक पावणेतीन फेरे घेतं. जो तो माझ्याकडे सोळाच मागायचा. मला वाटलं, पोरीला चांगल्यातलं चांगलं द्यावं.

दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं. "मावशी, सायकल जड जाते." मी कळवलं, आठ दिवसांनी चेनला तेल देत जा. पुन्हा पत्र आलं, पुन्हा तेच. मी तेलाची कुपी पाठवून दिली.

तिसरं पत्र तिच्या बापाला आलं. टेकडीमागच्या वस्तीवर एक सून अडली होती. बोलावणं आल्याबरोबर कमल सायकलवर निघाली, पण चढावर उतरून सायकल ढकलत न्यावी लागली, आणि पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. बाई गेली, पोटातलं लेकरूही गेलं. त्या दिवसापासून कमल सायकलवर बसली नव्हती. पायी फिरायची, त्यामुळे जिथं दोन वस्त्या व्हायच्या तिथं एकच व्हायची. राजीनामा लिहून तयार होता. तिचा बाप दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "अक्का, पोरीले घेऊनच या. झालं तेवढं पुरे झालं."

मी हो म्हटलं. तो गेल्यावर अठरा, वीस आणि बावीस दातांची तीन फ्रीव्हील काढली आणि फडक्यात बांधली.

खामगावला मोटार बदलली. कापसाची वेचणी चालू होती, वावरात (शेतात) बाया ओळीनं वाकलेल्या दिसत होत्या. मग जमीन हळूहळू उचलली जाऊ लागली. काळी माती मागं पडली, तांबूस मुरूम आला, सागाची नि पळसाची झाडं आली. घाटाच्या पहिल्या वळणावर ड्रायव्हरनं गिअरचा दांडा मागं ओढला. मोटारीचा आवाज बदलला, वेग बैलगाडीइतका झाला, पण मोटार चढत राहिली.

शेजारी बसलेल्या एका बाईनं डोळे मिटले होते. मी मात्र त्या दांड्याकडे पाहत राहिले. मोटारीला चढासाठी वेगळे दात असतात हे मला काय ठाऊक नव्हतं? सारा जन्म दात मोजण्यात गेला. तरी या घाटावर राहायला आलेल्या पोरीला मी सपाटीचं एकच चक्र दिलं, आणि ती जड जाते म्हणाली तर तेल पाठवलं.

जानेफळला उतरले तर कमल दवाखान्याच्या दारात उभी. जय भीम म्हणून तिनं पिशवी घेतली. वाळली होती. खोलीच्या मागं भिंतीला सायकल टेकवलेली, वर गोणपाट टाकलेलं, मेल्या जनावरावर टाकावं तसं. जेवताना तिनं भाकरीचे तुकडेच मोडले, खाल्ले थोडे.

"घ्यायले आली ना?" तिनं विचारलं.

"हाव. पण आधी मले तो रस्ता दाखव. मंग जाऊ."

"रस्ता पाहून काय करतं मावशी? तो काही बदलणार नाही."

सकाळी सायकल उलटी केली आणि आधी बावीसचं चक्र लावून पाहिलं. चेन पुरली नाही. दात वाढले की चेनच्या कड्या वाढवाव्या लागतात, आणि मी शहाणी तीन फ्रीव्हील घेऊन आले, चेनचा एक तुकडा आणला नाही. बाजारात सायकलींचे एक म्हातारे दुकानदार होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मागं सोळा दात कोणं बसवले हे?"

"मीच बसवले."

"घाटाखालच्या का तुम्ही? तरीच. घाटाखालचा बैल अन् घाटाखालची सायकल, चढ दिसला का बसते."

टोमणा मारला, पण जुन्या चेनमधल्या कड्या काढून त्यांनीच जोडून दिल्या. वर सल्ला दिला की बाई, वीसच्या पुढं जाऊ नका, बावीस लावलं तर सपाटीवर पाय भिंगरीसारखे फिरतील आणि रस्ता सरणार नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दात वाढवले की चढ हलका होतो, पण सपाटी लांबते. एक घ्यायचं तर दुसरं सोडावंच लागतं.

बावीस सायकलला ठेवून, सोळासकट बाकीची तीन चक्रं आणि पाने घेऊन आम्ही वस्तीच्या वाटेला लागलो. कोसभर रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांवर आलेली. मग एक नाला, घोट्याएवढं पाणी, आणि पाण्यातून बाहेर पडल्या पडल्या चढ सुरू. सडकेच्या कामाची गिट्टी (फोडलेली खडी) नुसती पसरून ठेवलेली, वर रोलर फिरलाच नव्हता. नाल्यामुळे सायकलला जोर घेऊन येता येत नाही. जे काही करायचं ते उभ्या जागेवरून.

कमल सायकलला हात लावायला तयार नव्हती. मग मी पुन्हा सोळाचं चक्र चढवलं, कासोटा घट्ट केला आणि स्वतःच बसले. पन्नाशीची बाई सायकलवर पाहून तुरीतले दोघं-तिघं उभे राहिले. दहा हातही गेले नसेन. पायडल दगडासारखं घट्ट झालं. म्हणून मी उठून, सगळं अंग टाकून पाय दाबला, तर मागचं चाक गिट्टीत जागच्या जागी भिरभिरलं आणि मी आडवी झाले. टोंगळा (गुडघा) फुटला.

कमलनं नाल्याच्या पाण्यानं जखम धुतली, पिशवीतून कापूस काढून पट्टी बांधली. तिचे हात अगदी स्थिर होते. या गिट्टीवर उभं राहून जोर लावता येत नाही, बसूनच चढता आलं पाहिजे, हे मला त्या एका पडण्यात कळलं. ती ते कितीतरी महिने पत्रातून सांगत होती. मी म्हटलं, "कमल, चूक या चक्राची हाये. अन् चक्र मी लावलं."

तिनं पट्टीची गाठ पुन्हा एकदा तपासली.

अठराचा विचार मी सोडूनच दिला. नाल्याकाठी बसून वीसचं लावलं, आणि या वेळी कमल उठली. पांढऱ्या साडीचा पदर खोचून बसली आणि डुलत डुलत का होईना, वरपर्यंत गेली. परत खाली आली तेव्हा चेहरा जरा सैल झाला होता. म्हणाली, वीस पुरे, दुकानवाले बाबा बरोबर बोलत होते.

आमचे हे असते तर मानले नसते. दूधवाल्याची सायकल बांधताना ते भरलेल्या कॅनांसकट त्याला नदीकाठच्या चढावर न्यायचे, सगळ्यात वाईट जागी उतरवायचे आणि तिथून परत बसायला लावायचे. तिथून सायकल निघाली तरच दात बरोबर. दुकानात सगळीच चक्रं चांगली वाटतात, म्हणायचे.

मी तिची बाळंतपणाची पूर्ण पिशवी मागं बांधली. चढाच्या मध्यावर, जिथं गिट्टी सगळ्यात सैल होती, तिथं तिला उभं केलं. इथून निघ म्हटलं. वीसवर तिनं तीनदा पाय मारला, तिन्ही वेळा खाली टेकवावा लागला. मग तिथंच, सडकेच्या कडेला, बावीसचं बसवलं. खडूनं टायरवर खूण करून तिला दाखवलं की पायडलचा एक फेर आणि चाकाचे बरोब्बर दोन.

ती बसली. पाय ठेवला. चाक एकदा घसरलं, मग गिट्टीला धरून हळूच सरकलं, आणि ती बसल्या बसल्या चढत गेली. मी लंगडत मागून. वर पोचल्यावर ती थांबून म्हणाली, "पण सपाटीवर उशीर होईल ना मावशी?"

"सपाटीवर झाला तं थोडा होईल. चढावर झाला तं..."

वस्ती समोरच होती. कमलला तिथून परतायचं होतं, मला दिसत होतं. पण पहिल्याच घराच्या ओट्यावर तूर निवडत बसलेल्या म्हातारीनं आम्हाला पाहिलं होतं. गेली ती हिचीच थोरली सून. म्हातारी उठली, आतून तांब्याभर पाणी आणलं, कमलच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आज लवकर आली वं बाई."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ऐकवेना. कमलचं पाणी तांब्यातच राहिलं. मला राहवलं नाही. मी सांगितलं की बाई, तिच्या सायकलचे दात मी चुकीचे लावले होते, तिचा दोष नाही, माझा आहे.

म्हातारीनं माझ्या टोंगळ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. "मले लोखंडातलं काय समजते," म्हणाली. मग कमलकडे वळली. "धाकलीचे दिवस भरत आले. तू येशील का नाही, तेवढं सांग. नाही तं मी तिले माहेरी धाडतो."

दारात धाकटी सून उभी होती, एक हात चौकटीवर. कमलनं तिच्याकडे पाहिलं. तांब्या खाली ठेवला, पिशवी सोडली आणि तिला आत घेऊन गेली, तपासायला. मी ओट्यावर बसून म्हातारीबरोबर तूर निवडू लागले. बऱ्याच वेळानं आतून कमलचा आवाज आला, ती त्या पोरीला कधी बोलवायचं, कसा निरोप धाडायचा ते समजावत होती.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. घाट उतरताना मोटार कशी सुसाट आली. नांदुऱ्याच्या फाट्यावर कमलचा बाप ट्रंक उचलायला म्हणून येऊन उभा होता. मला एकटीला उतरताना पाहून तो मोटारीत डोकावला. मी फडकं सोडून सोळा दातांचं चक्र त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "हे आणलं. पोरगी तिथं लोकायले लागते." त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझी पिशवी उचलली.

महिन्याभरानं कमलचं कार्ड आलं. "धाकटीला मुलगी झाली. मी वेळेआधी पोचले होते." एवढंच. थोरली काही बावीस दातांनी परत येत नाही, हे तिलाही कळतं, मलाही. म्हणून ते कार्ड मी तिच्या पहिल्या पत्राशेजारीच ठेवलं आहे, वर ठेवलेलं नाही.

सोळाचं चक्र दुकानात खिळ्याला टांगलेलं असतं. अजूनही कोणी येऊन सायकल जड जाते म्हणतं. माझा हात सवयीनं तेलाच्या कुपीकडे जातो. मग मी तो मागं घेते आणि आधी विचारते, कुठं जड जाते?