खळ्या बुजवलेले चेंडू

आमच्या कारखान्याच्या वसाहतीत गोल्फचं मैदान आहे, हे मी ब्रह्मपुरीच्या नातेवाइकांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते बघायला येतील, आणि मग एप्रिलमधली ती करपलेली माती दाखवून मला 'ही आमची हिरवळ' असं म्हणावं लागेल. गवत तिथे पावसाळ्यात उगवतं आणि दिवाळीनंतर मरतं. चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती तर गवत नाहीच; वाळूत यंत्रांचं जुनं तेल कालवून ती थापलेली असते. आमचे अधिकारी पांढरे हातमोजे घालून त्या तेलकट वाळूवर ओणवे होतात, एक डोळा मिटून उतार पारखतात आणि चेंडू भोकाजवळून निघून गेला की वाळूला शिव्या देतात. मी देखभाल विभागात इंजिनियर आहे. पंप, पंखे, पाइपलाइन माझ्याकडे. वाळूत तेल कालवणं हेही देखभालीतच मोडतं, म्हणून क्लबचा सेक्रेटरीही मीच. मला स्वतःला धड खेळता येत नाही. पण नाही म्हणताही येत नाही.

मैदानाच्या पोंभुर्ण्याकडच्या टोकाला मोहाची झाडं आहेत. जमीन कागदावर कारखान्याची, पण फुलं शेजारच्या गावातल्या बायका वेचतात. कारखाना नव्हता तेव्हापासून वेचतात. मोह पहाटे गळतो आणि ऊन चढायच्या आत वेचून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात साहेब लोकही पहाटेच खेळतात, कारण नंतर चंद्रपूरच्या उन्हात काठी हातात धरवत नाही. त्यामुळे मोहाच्या दिवसांत मैदानाच्या एका टोकाला काठ्या आणि दुसऱ्या टोकाला टोपल्या असा देखावा असतो. एकदा एक चेंडू एका बाईच्या टोपलीत पडला. तिनं तो पदराला पुसून सरळ आणून दिला. आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्या घटनेला 'घुसखोरी' असं नाव दिलं. घुसला होता चेंडू, पण हे त्यांना सांगणार कोण?

ती बाई वसाहतीत भाजी विकायला येते. माझ्या घरीही येते. नवरा गेलेला, एक लेक घरात. त्यांचा सगळा उन्हाळा त्या झाडांवर निघतो. आधी फुलं, मग टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. माझी आईसुद्धा ब्रह्मपुरीकडे पहाटे अशीच मोह वेचायला जायची, आणि वेचून आली की तिच्या हातांना तो गोडसर उग्र वास दुपारपर्यंत राहायचा. ही बाई पायरीवर टोपली ठेवते तेव्हा मला तो वास येतो आणि मी भाजीत उगाच खोट काढत बसतो. कशासाठी, ते मलाच ठाऊक.

टोपलीच्या त्या प्रकरणानंतर मोठ्या साहेबांनी ठरवलं की मैदानाला काटेरी तार घालायची. मोठे साहेब नुकतेच पुण्याकडून बदलून आले होते. ते म्हणाले, "चेंडू जाईल तिथपर्यंत मैदान. त्याच्या थोडं पलीकडे तार. अगदी शास्त्रीय पद्धत." आणि तो चेंडू कोण मारणार? अर्थात मोठे साहेब. आमच्या क्लबात लिहून न ठेवलेला एक नियम आहे: साहेबांच्या चेंडूच्या पुढे कोणाचाही चेंडू जात नाही. साहेब आधी मारतात, आणि मग बाकीचे आपापली ताकद त्या हिशेबानं आवरतात. वर्षानुवर्षांच्या सवयीनं काहींना ते इतकं सुरेख जमतं की खेळापेक्षा तीच कला बघण्यासारखी आहे.

साहेबांचा दणका चांगला होता. त्यांचा चेंडू मोहाच्या झाडांपलीकडे सहज जाई. म्हणजे झाडं तारेच्या आत जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. बाईलाही कळलं होतं.

"भाऊ, तार कुठी लावून राह्यले जी?" तिनं वांगी तोलताना विचारलं.

"बघू. अजून नक्की नाही."

"झाडं आत गेली त आमी कुठी जावाचं?"

मी म्हटलं, "बघतो." हे 'बघतो' मी नोकरीत इतक्यांदा म्हटलंय की आता त्याचा आवाजही मला ऐकू येत नाही.

आता चेंडूंचं. साहेब तारेसाठी मारणार त्या दिवशी चेंडू झकास दिसले पाहिजेत, असं क्लबच्या समितीनं ठरवलं. आमचे बरेच चेंडू कडेच्या बोडीतून काढलेले असतात. छोटा तलाव आहे तो, आणि नेम चुकला की चेंडू हमखास त्यातच जातो. पाण्यात राहून ते पिवळे पडतात, सालपटं निघतात. सुरक्षा अधिकारी म्हणाले, रंगवून घ्या. गावातला पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवतो, आणि पोळा आला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवतो. लाकडी बैलाला खड्डा असला की आधी पुट्टी भरायची, सुकली की पॉलिश पेपरनं घासायची, मग ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे. त्यानं चेंडूही तसेच केले. गोल्फच्या चेंडूवर सगळीकडे बारीक खळ्या असतात; त्यातली प्रत्येक खळी पुट्टीनं बुजवली, घासली, वर पांढरा रंग चढवला. काम इतकं सफाईदार की चेंडू उकडून सोललेल्या अंड्यासारखे दिसत होते. त्याची काही चूक नव्हती. खळ्या ठेवायच्या असतात, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी मात्र खोका उघडला आणि समजलो. हवेचं काम करण्यातच माझी नोकरी गेली आहे. गुळगुळीत चेंडूवरून हवा लवकर सुटते आणि त्याच्या मागे मोठी पोकळी राहते. कच्च्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप गेली की तिच्यामागे धुळीचा लोट गरगरत ओढला जातो ना, तसंच. ती पोकळी चेंडूला मागे खेचते. खळ्यांमुळे अंगालगतच्या हवेत बारीक खळबळ होते, ती हवा चेंडूला जास्त वेळ बिलगून राहते आणि मागचा लोट लहान होतो. शिवाय चेंडू मागच्या बाजूला फिरत जातो तेव्हा खळ्या त्याला वर उचलून धरायलाही मदत करतात. खळ्या बुजवल्या की तेवढ्याच फटक्यात चेंडू जेमतेम अर्धा जातो. म्हणजे झाडांच्या बराच अलीकडे पडणार.

मी खोका बंद केला. गप्प राहायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं गप्प राहणं कोणाच्या तरी उपयोगी पडणार होतं. तरीही कपाटातला एक खळ्यांचा जुना चेंडू मी खिशात टाकला. का टाकला, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

त्या सकाळी सगळे जमले. मोठ्या साहेबांनी खोक्यातला चेंडू हातात घेऊन फिरवला. "वा! मोती आहेत मोती." लगेच सगळ्यांना ते मोती दिसले. सुरक्षा अधिकारी म्हणाले, "सर, परदेशातसुद्धा असं फिनिशिंग मिळत नाही." हे गृहस्थ परदेशात कधी गेले होते, कोण जाणे.

साहेबांनी मारला. आवाज खणखणीत आला. चेंडू वर गेला आणि कोणी वरून हात ठेवावा तसा खाली बसला. झाडं अजून कितीतरी पुढे होती. तिथे टोपल्या घेतलेल्या बायका उभ्या राहून बघत होत्या.

साहेबांनी दुसरा मारला. तोही तिथेच. मग बाकीच्यांची पाळी आली, आणि खरी पंचाईत झाली; कारण आता साहेबांच्याही मागे राहायचं होतं. धिप्पाड माणसं चेंडूला टिचकी मारल्यासारखी मारू लागली. हिशेब विभागाच्या प्रमुखांचा चेंडू घरंगळत साहेबांच्या चेंडूजवळ पोहोचला, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चेंडू अलीकडेच थांबला, मग त्यांनी श्वास सोडला.

"वारा आहे का?" साहेबांनी विचारलं. पान हलत नव्हतं.

"जंगलाची हवा जड असते सर," सुरक्षा अधिकारी म्हणाले. "त्यात हा मोहाचा वास. हवेत नशा आहे."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. पंख्यांचं तुम्हाला कळतं ना?"

बस्स, एवढंच पुरे झालं. मला कोणीतरी विचारलं होतं. पायरीवरची बाई, तिचा उन्हाळा, माझ्या आईचे हात, सगळं बाजूला पडलं आणि मी सांगायला लागलो. पोकळी, जीप, धूळ, खळ्या, सगळं. इतक्या उत्साहानं मी बायकोशीही कधी बोललो नाही. शेवटी खिशातला चेंडू काढून पुढे केला. "सर, हा मारून बघा. झाडांच्या पार जाईल."

साहेबांनी तो चिमटीत धरला. पिवळा, खळ्याखळ्यांचा. "हा? ह्याला तर देवी आलेल्या दिसतात."

सगळे हसले. मग प्रत्येकाला विनोद सुचू लागले.

"म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी जास्त पळते म्हणायची!"

"सर, देखभालवाल्यांना खड्डे आवडणारच. त्यांचं पोट त्याच्यावर आहे."

"विमानाला कुठे असतात हो खळ्या?"

बोलणारे बहुतेक इंजिनियर होते. साहेबांनी तो चेंडू बाजूला मातीत भिरकावला. "गुळगुळीत वस्तू कमी अडते, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. चेंडू उत्तम आहे. आणि सगळ्यांत लांब माझाच गेलाय. यापुढे कोणाचा जाणार? लावा तार इथून थोडी पुढे."

तार लागली. झाडं तारेबाहेर राहिली.

चार-पाच दिवसांनी बाई पायरीवर आली ती भाजी सोडून पळसाच्या पानात बांधलेले मोहफुलांचे लाडू घेऊन. "भाऊ, घ्या जी. तुमी आमच्यासाठी बोलले म्हणे. लेकीनं दुरून पाह्यलं. म्हणे, हात हलवू हलवू सांगत होते साहेबाले."

लाडू घेऊन आत जाणं अगदी सोपं होतं. तेही मला जमलं नाही. मी म्हटलं, "बाई, मी तुमच्यासाठी नाही बोललो. उलटंच बोललो. चेंडू झाडांच्या पलीकडे जातो, असं मी सांगत होतो. त्यांनी ऐकलं असतं तर झाडं आत गेली असती."

"मंग?"

"मंग काय. त्यांनी ऐकलं नाही."

"काऊन सांगितलं तुमी?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

तिनं लाडवांची पुडी परत उचलली नाही. पदर सावरून उठली. "तुमचं कोणी आयकत नाई, हे बरंच हाय जी भाऊ," ती म्हणाली. "पुढच्या खेपेलेही असंच खरं खरं सांगजा." आणि फाटकाबाहेर गेल्यावर तिचं हसू ऐकू आलं. ते माझ्यावरच होतं.

लाडू मी खाल्ले. चांगले होते.

आमचे अधिकारी आता गुळगुळीत चेंडूनंच खेळतात. साहेबांनी वाखाणलेली वस्तू बदलायची म्हणजे साहेबांना बदलण्यासारखंच. रंग उडाला की मी चेंडू पेंटरकडे पाठवतो. परत आले की खोका घरी आणतो, दार लावतो आणि एकेका चेंडूवरून अंगठा फिरवतो. कुठे एखादी खळी अंगठ्याला लागली, की तो चेंडू पुट्टीसाठी परत जातो.