पाहुण्याची खुर्ची

सरकारी अतिथिगृहामागच्या शेडमध्ये मिस्त्री तीस वर्षं खुर्च्या करत होते. कुठला देश कुणाशी गोडीगुलाबीनं वागतो आणि कोण कुणाला पाण्यात पाहतो, हे त्यांना पेपर न वाचता कळायचं. पाहुणा जगाला दरडावणारा असो की आपल्यासारखाच हातातोंडाची गाठ घालणारा, त्याची आणि आपल्या मंत्र्याची खुर्ची ते एकाच खोडाच्या लाकडातून काढत. दोन्हींवर आडवी पट्टी टाकून वर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवत. थेंब सांडला, की पुन्हा रंधा.

या वेळी अतिथिगृहाच्या साहेबांनी येऊन सांगितलं, पाहुण्यांची खुर्ची दोन बोटं उंच करा, तिकडून तसा निरोप आहे. मिस्त्री तापट गृहस्थ. आपण गरीब असू, पण आपल्या खुर्चीनं कुणापुढे गुडघे टेकलेले नाहीत, दुसरा सुतार बघा, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. साहेब रागावले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "तिकडे कामाला गेलेल्या आपल्या माणसांना ठेवायचं की परत धाडायचं, ते या बैठकीत ठरणार आहे, मिस्त्री."

मिस्त्रींची एकुलती एक लेक तिकडेच होती. सहा वर्षं तिथल्या इस्पितळात आजाऱ्यांची सेवा करत होती, आणि तिचा मुलगा तिथल्याच शाळेत रुळला होता.

दुपार कलली. खिडकीतल्या उन्हात भुसा तरंगत होता, खाली बसायचं नाव नाही. पाहता पाहता मिस्त्रींचा डोळा लागला. कधी न पाहिलेली एक खोली दिसली. लेक लहानग्याच्या सदऱ्यांच्या घड्या घालून बॅगेत ठेवत होती, आणि बॅग काही भरत नव्हती. भोवतीच्या खुर्च्यांना पायच नव्हते. पाण्यावर सोडल्यासारख्या त्या हळूहळू लांब चालल्या होत्या. मिस्त्रींनी हाक मारली, पण तिनं मान वर केली नाही.

जाग आली तेव्हा गाल ओले होते. ते उठले, लाकूड निवडलं आणि पाहुण्याच्या खुर्चीच्या चारी पायांना खालून जोड दिला. दोन बोटं सांगितली होती, त्यांनी तीन केली.

मग शेडचं दार लोटून ते आपल्या देशाच्या खुर्चीत बसले. समोरच्या उंच, रिकाम्या खुर्चीकडे मान वर करून हळूच म्हणाले, "पोरीला राहू द्या, साहेब."