पट्ट्याचं दुसरं टोक

आधीच सांगतो, भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी हसण्यासाठी वाचतो. घरात कुणी चकवा-हडळ काढली की मी "अर्थिंग तपासा" म्हणतो आणि चहा मागतो. उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. जिथं आवाज येतो तिथं कुठंतरी तार असते, एवढंच माझं तत्त्वज्ञान. तरीही आज लिहायला बसलोय, कारण या एका गोष्टीतली तार मला अजून सापडलेली नाही...

साल नव्वद-एक्याण्णव असेल. मी परभणीला टेक्निशियन होतो. चारठाण्याच्या पुढं एक गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. तिथं नुकतंच छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसलं होतं. गावाबाहेर भाड्याची एक खोली, दहा बाय बारा. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या विटांनी बुजवलेल्या. एक एसी, एक लोखंडी दार, कोपऱ्यात ॲसिडच्या बॅटऱ्या. मधोमध कपाटाएवढी रॅक, आणि तिच्या खाचांत पुस्तकांसारखी उभी सर्किटची कार्डं. त्यातलं मुख्य कार्ड गेलं होतं आणि चार दिवस सगळं गाव मुकं झालं होतं. मी नवीन कार्ड घेऊन स्कूटरवर आलो होतो. जिल्ह्यात तेवढं एकच शिल्लक होतं.

आमच्यात एक रीत होती. आत काम करणाऱ्यानं खोलीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दुसरी रीत अशी, की कार्डाला हात लावण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढायचा, आणि मनगटाला पट्टा बांधून त्याच्या वायरीचा चिमटा रॅकला लावायचा. अंगातली स्थिर वीज त्या वायरीतून जमिनीत उतरते, नाहीतर नुसत्या बोटानं कार्ड मरतं. दुसरी रीत पाळताना पहिली मोडली. घड्याळ, अंगठी आणि किल्ली मी तिथल्या लाइनमनच्या, गंगाधररावांच्या हातात ठेवली. कार्डाची काळजी मला माझ्यापेक्षा जास्त होती, दुसरं काय.

हा पट्टा मला देशमाने सरांनी शिकवला होता. ट्रेनिंगमध्ये ते वायरीचं दुसरं टोक स्वतःच्या मुठीत धरून आमच्या मागं उभे राहायचे. चूक होतेय असं दिसलं की तोंडानं काही नाही, फक्त वायर दोनदा ओढायची. बैलाचा कासरा ओढावा तशी, म्हणून आम्ही त्यांना मागं 'कासरेवाले सर' म्हणायचो.

तर मी रॅकचा स्विच बंद केला आणि जुनं कार्ड ओढून काढलं. तेवढ्यात बाहेर वावटळ उठली. दार आपटल्याचा आवाज आला, मग कडी, मग कुलूप. मला वाटलं, उघडतील आता. पाच मिनिटांनी वीज गेली. एसी थांबला.

मे महिना, दुपारचे दोन. हाका मारल्या, दार बडवलं. बाजाराचा दिवस होता, निम्मं गाव जिंतूरला गेलेलं. फोन समोर होता, पण एक्स्चेंज मीच बंद केलेलं. आणि मला लहानपणापासून दमा. गोळ्या स्कूटरच्या डिकीत. अर्ध्या तासात खोली भट्टीसारखी तापली, ॲसिडचा वास घशात बसला आणि छातीत शिट्टी वाजायला लागली. मी घाबरलो होतो, लपवत नाही. इथंच मरणार, आणि उद्या लोक म्हणतील कार्ड बदलताना गेला, हे डोळ्यांपुढं आलं.

बाहेर पडायचा एकच मार्ग होता. बॅटरीवर एक्स्चेंज चालू करायचं आणि फोन लावायचा. टॉर्च दातात धरली. पट्टा हाताला होताच. नवीन कार्ड खाचेत टेकवलं, वरखाली सरळ आहे का पाहिलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबणार तोच...

उजवं मनगट मागं ओढलं गेलं.

विजेचा झटका मी ओळखतो, भरपूर खाल्लेत. ही ओढ होती. एकदा, आणि पुन्हा एकदा. कार्ड खाचेतून बाहेर आलं. मी वर पाहिलं तर रॅकचा लाल दिवा जळत होता. घाईघाईत, डोकं ठिकाणावर नसताना, स्विच मीच आधी वर केला होता. चालू रॅकमध्ये कार्ड दाबलं असतं तर ते जळालं असतं, आणि माझा एकुलता एक फोनही.

वायर कुठं अडकली म्हणून टॉर्च फिरवली. चिमटा रॅकवरून कधीच निसटला होता. वायर माझ्या पायाशी सैल पडली होती. दुसऱ्या टोकाला काही नव्हतं.

मी स्विच खाली केला. चिमटा लावला. कार्ड बसवलं, स्विच वर. दिवे एकेक करून हिरवे झाले आणि फोनला टोन आला. भिंतीवर लावलेल्या गावच्या नंबरांच्या यादीतला पहिला नंबर किराणा दुकानाचा होता.

"कोण बोलायलंय?"

"एक्स्चेंजमधून बोलतोय. मला बाहेर काढा."

"चालू झाला का फोन! लय बेस. पण तुमी आतच हाव ना साहेब, मग या की भायेर."

एरवी हसलो असतो. तेव्हा रडवेल्या आवाजात "कुलूप... कुलूप" एवढंच म्हणालो. त्या भल्या माणसानं पहार आणून कडी तोडली. गंगाधरराव किल्ली घेऊन शेजारच्या वाडीवर लाइन बघायला गेले होते. परत आल्यावर ते माझे पाय धरायला लागले.

"वावटळीनं दार उघडायलं हुतं, साहेब. तुमीच म्हणताव, धूळ म्हंजी कार्डाचा काळ. नुसती कडी निसटायली, म्हनून कुलूप बी लावलं. येतो म्हनलं घंट्याभरात."

मी त्यांना उठवलं. किल्ली मीच दिली होती.

पंधरा दिवसांनी पाथरीला गेलो. देशमाने सर निवृत्त होऊन तिथं राहत होते. सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कार्ड वाचलं?"

"वाचलं."

"मग झालं."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी वार विचारला. मी सांगितला. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "त्याच दुपारी हे झोपले हुते, आन् उजवी मूठ अशी आवळली की सुटंना. हात सारखा छातीकडं वढायले. मला वाटलं, वारं गेलं अंगावरून. दोन्ही हातांनी बोटं उघडली मी."

"काय होतं मुठीत?" मी विचारलं.

"काहीच न्हवतं."

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी पाऊसपाण्याचा विषय काढला.

कुणी म्हणेल, दम लागला की हात आखडतात. असेल. काकूंचा वार चुकला असेल. हे सगळं मीच स्वतःला सांगून पाहिलंय, आणि पटलेलं नाही. सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत, पट्ट्याचा चिमटा लावला की मी वायर दोनदा हळूच ओढायचो... आणि कार्डाला हात लावण्याआधी थोडा वेळ थांबायचो.